कानमास्तरांच्या छातीतला आवाज

कानमास्तरांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीत कुठेतरी असेल, पण ते कुणी उच्चारल्याचं कुणाला आठवत नाही. कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात ते लोकांचे कान तपासायचे. जिन्याखालची खोली, भिंतींना जाड स्पंज चिकटवलेला, मधोमध काच. काचेच्या पलीकडे पेशंटची खुर्ची. अलीकडे मास्तर, त्यांचं मशीन आणि बोलायचा माइक. पेशंटच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि माइकमधून सांगायचं, "आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक असो, लाजायचं नाही." मग एकेक बटण दाबत आवाज बारीक करत न्यायचा. बोट वर यायचं थांबलं की तिथे त्या कानाची हद्द. एवढंच काम, पण मास्तरांनी ते अर्धं आयुष्य जीव ओतून केलं. बहिऱ्यांशी बोलून बोलून घरीही ओरडून बोलायची खोड लागली होती, पण त्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे ते खपून जायचं.

लहानपणी सांधे सुजवणारा एक ताप त्यांना येऊन गेला होता. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, गेला. पण जाताना त्याने हृदयाच्या एका झडपेची वाट लावून ठेवली होती. पन्नाशी ओलांडल्यावर मास्तरांना जिना चढवेना. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि खराब झडप काढून तिथे नवी कोरी कृत्रिम झडप बसवली. दोन पात्यांची, छोटीशी. घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी खोलीत सगळ्यांसमोर समजावलं, "परकी वस्तू आहे, तिच्यावर रक्त गोठू बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. गोळी बरोबर बसतेय ना, हे बघायला ठरल्या दिवशी रक्त तपासायचं. पालेभाज्या एकदम वाढवायच्या नाहीत, त्या या गोळीच्या उलट काम करतात. आणि टिकटिक असा आवाज येईल. वैतागू नका. तो झडप बंद होण्याचा आवाज आहे. तो खणखणीत येतोय तोवर दार नीट लागतंय असं समजा."

इतकं स्वच्छ सांगितलं बाईंनी. पण घरी सोडायच्या वेळी कुणाचं लक्ष असतं? मास्तरांची बायको थर्मासचं झाकण शोधत होती. मुलगी रिक्षावाल्याशी फोनवर भांडत होती. मास्तर स्वतः पँटचं बटण लावत होते आणि मानेने हो हो करत होते. आणि मास्तरांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, डोक्यात त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द जाऊन बसला. पातळ.

ताईंविषयी सांगायला हवं. आई गेली तेव्हा मास्तर रांगत होते आणि ताई शाळेत होत्या. ताईंनी शाळा सोडली, भावाला वाढवलं, लग्नाचा विषय काढणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावलं. पुढे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचं जेवून एकही मुलगी बारीक होऊन घरी गेली नाही, हा त्यांचा अभिमान होता. पोरींच्या आया तक्रार करायच्या, ती ताईंना पदकासारखी वाटायची. अशा बाईसमोर कुणी म्हणावं की तुमच्या भावाचं रक्त पातळ ठेवायचंय?

"माझ्या हातचं खाऊन मोठं झालेलं पोर आहे ते," ताई रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या. "त्याचं रक्त पातळ? आणि वर ते तसंच ठेवायचं म्हणे! बाईंना स्वयंपाक येत नसणार."

"ताई, ते औषधाचं असतं," मास्तरांची बायको म्हणाली.

"तू थर्मास धर," ताई म्हणाल्या.

पहिला घोटाळा कामावर झाला. माइक नेमका मास्तरांच्या छातीसमोर. मास्तर नुसते बसलेले, बटणाला हातही लावलेला नाही, आणि काचेपलीकडचे आजोबा बोट वर, बोट खाली, बोट वर. त्या आठवड्यात दवाखान्यातून एकही बहिरा माणूस बाहेर पडला नाही. ज्यांना घरचे दारावरच्या घंटेसाठी दिवा बसवून देत होते, त्यांचे कान तरण्या पोरांसारखे निघाले. कानाचे डॉक्टर चक्रावले. श्रवणयंत्रं कपाटात पडून राहिली. शेवटी एका आजीबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "बाबा, तुमचं घड्याळ जरा लांब ठेवत जा. फार मोठ्यांदा वाजतं." तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर बोलून झालं की मास्तर माइक बंद करायला लागले, आणि गाव पुन्हा पहिल्यासारखं बहिरं झालं.

मग दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरची शोकसभा झाली. सगळे माना खाली घालून मौन पाळून उभे, आणि त्या शांततेत मास्तर एकटे टिकटिकतायत. लोक डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांची मनगटं बघू लागले. मास्तरांना लाज वाटली, आणि लाजेने ते आणखी जोरात वाजायला लागले. संपल्यावर कंपाउंडरच्या भावाने येऊन त्यांचे हात हातात घेतले. "तुमच्यामुळे नीट झालं हो," तो म्हणाला. "नाहीतर लोक मौन कुठेही आवरतं घेतात."

घरात तर मास्तरांना काही लपवायची सोय उरली नाही. चिडले की टिकटिक धावायची, आणि मुलगी म्हणायची, "बाबा, तोंडाने काही नका बोलू, ऐकू येतंय." बाहेर खाऊन आले आणि बायकोने विचारलं की छातीच चुगली करायची. शेजाऱ्यांबरोबर पत्ते खेळताना हातात हुकुमाचं पान आलं की सगळ्यांना कळायचं आणि सगळे पानं टाकून मोकळे व्हायचे. बायकोने झोपताना कानात कापूस घालायला सुरुवात केली. मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती, तिने रबरी बोळे आणले. ताई म्हणाल्या, "अशक्तपणा आहे. रक्तात दम नाही, म्हणून आतलं सगळं खडखडतंय." आणि त्यांनी कंबर कसली.

ताईंनी पालक आणला. पालकाबरोबर आणखी कसकसली हिरवी पानं आणली. ती वाटून, गाळून, पेला भरून रोज सकाळी मास्तरांच्या हातात ठेवायला सुरुवात केली. रस इतका हिरवा होता की पेला धुतला तरी हिरवट दिसायचा.

"डॉक्टरीणबाई पालेभाजीचं काहीतरी म्हणाल्या होत्या," मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले.

"भाजी म्हणाल्या ना? ही भाजी आहे का?"

मास्तरांनी पेल्यात डोकावून पाहिलं. भाजी नव्हती खरी. ज्या माणसाने बारीकातला बारीक आवाज ऐकण्यात अर्धं आयुष्य घालवलं त्याने हा मुद्दा असा बिनबोभाट मान्य करावा, याला काय म्हणायचं? पण समोर ताई उभ्या होत्या. ताईंनी दिलेला पेला परतही करता येतो हे मास्तरांना आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं. ते घटाघट प्यायले.

रक्ताच्या तपासणीचा दिवस आला तेव्हाही ताई आडव्या आल्या. "आधीच पातळ, त्यात सुई खुपसून काढून घेतात. मी इकडे भरतेय आणि ते तिकडे उपसतायत!" मास्तरांनाही सुईची धास्तीच होती. ते म्हणाले, पुढच्या वेळी जाऊ. पुढच्या वेळी पुन्हा पुढच्या वेळी म्हणाले. गोळी मात्र ते न चुकता घेत होते. सकाळी गोळी नि तिच्या मागोमाग पेला. एकाच घशातून दोघं खाली उतरून आत काय करत असतील, याचा विचार कुणी केला नाही.

आणि आवाज हळूहळू बसत गेला.

आता गंमत अशी की हे घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं आणि प्रत्येकाने आपापलं कारण काढून तोंड मिटलं. बायकोला वाटलं, सवय झाली. संसारात काय कशाची सवय होत नाही? तिने कापूस घालणं सोडलं आणि गाढ झोपायला लागली. मुलीला वाटलं, बोळे चांगल्या कंपनीचे आहेत. ताईंना तर खात्रीच होती, पण त्यांनी ठरवलं होतं की आवाज पुरता बंद झाला की मगच डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगायचं. मास्तर पत्त्यांत जिंकायला लागले. बायकोशी बिनधास्त खोटं बोलायला लागले. सगळं घर कसं सुखात होतं.

मास्तर मात्र आतून हादरले होते. त्यांना वाटलं, आपले कान गेले.

त्यांच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं: वय झालं की माणसाला आधी बारीक, चिरका, टोकदार आवाज ऐकू येईनासा होतो. आणि झडपेची टिकटिक तशीच तर होती, बारीक आणि टोकदार. म्हणजे कानाला वय झालं. कान तपासणारा माणूस बहिरा झाला तर त्याला नोकरीवर ठेवणार कोण? मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. मास्तरांची झोप उडाली. जिना चढताना पुन्हा धाप लागायला लागली होती, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ताईंच्या राज्यात वजन वाढायचंच. पायांवर संध्याकाळी सूज येई, मोज्याचा वळ उठे. मास्तरांनी सैल मोजे घेतले. त्यांना फक्त कानांची काळजी होती.

बँडवाले आजोबा आले ते अशा वेळी. जन्मभर बँडमध्ये मोठा ढोल बडवून त्यांनी स्वतःचे कान स्वतःच निकामी करून घेतले होते, आणि आता श्रवणयंत्र वारंवार लावून, काढून, बदलून मास्तरांना भंडावून सोडायचे. यंत्र नीट चालतंय की नाही हे बघायची त्यांची एकच रीत होती. मास्तरांसमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि मास्तरांच्या छातीतल्या ठेक्यावर मांडीवर बोटं वाजवायची. त्या दिवशी डोळे मिटून ते बराच वेळ बसले. बोटं हललीच नाहीत.

"यंत्र बिघडलं," आजोबा म्हणाले. "तुम्ही वाजत नाही आज."

मास्तरांनी यंत्र काढून तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. आजोबांना पटेना. मास्तरांनी टेबलावर पेन्सिल आपटली. आजोबांना ऐकू आली. कागद चुरगळला, ऐकू आला. लांबच्या कोपऱ्यातून कुजबुजून शिवी दिली. तीही ऐकू आली आणि आजोबांनी सव्याज परत केली. मग मात्र मास्तरांना राहवलं नाही. ते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आजोबा, यंत्राचं काही नाही. माझेच कान गेलेत. मलाही ऐकू येत नाही."

"तुमचे कान गेले म्हणून मला का ऐकू येणार नाही?"

मास्तरांच्या डोक्यात हा प्रश्न शिरला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण माणूस एकदा एका भीतीला चिकटला की चिकटला. ते म्हणाले, "माझी तपासणी करायची हिंमत होत नव्हती. तुम्ही कराल?"

आणि मग त्या स्पंजाच्या खोलीत कधी झालं नव्हतं ते झालं. मास्तर काचेपलीकडे पेशंटच्या खुर्चीत हेडफोन घालून बसले आणि बँडवाले आजोबा मशीनवर. मास्तरांनी बटणं समजावून दिली होती. आजोबा प्रत्येक बटण दोन बोटांनी आणि ठेक्यात दाबायचे. मधेच माइकमध्ये ओरडायचे, "आलं का? लाजायचं नाही!" मास्तरांना घाम फुटला होता. डोळे मिटून ते एकेक आवाज टिपत होते आणि बोट वर करत होते. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक झाला, आणि बोट काही खाली यायला तयार नाही.

मास्तर बाहेर आले, मशीनवरचे आकडे पाहिले आणि त्यांनी आजोबांना मिठी मारली. कान शाबूत होते. तिशीतल्या माणसाचे असावेत तसे. नोकरी वाचली, मुलीचं शिक्षण वाचलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. धाप लागली तरी ते हसत होते.

"झालं ना समाधान?" आजोबा मिठीतून सुटत म्हणाले. "तुमचे कान बरे, माझं यंत्र बरं. मग वाजायचं कोण थांबलं?"

मास्तरांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी माइक सुरू केला, छातीला टेकवला, हेडफोन कानाला लावला. आपला श्वास ऐकू आला. शर्टाची सळसळ ऐकू आली. मधूनच एखादा पुसट ठोका, उशीखाली दाबल्यासारखा. दार नीट लागत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं ते बोलणं त्यांनी पँटचं बटण लावता लावता ऐकलं होतं, ते आता शब्दन् शब्द आठवलं. आपण मरणार असं मास्तरांना अगदी सरळ वाटलं. ते इतके घाबरले की त्यांना आजोबांचा हात धरावा लागला.

दोघं रिक्षाने हृदयाच्या इस्पितळात पोचले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "तक्रार काय?"

"आवाज येत नाही," मास्तर म्हणाले.

"कान-नाक-घसा मागच्या इमारतीत."

"अहो, मी कान-नाक-घशातलाच आहे."

"मग इकडे कशाला आलात?"

"कानात नाही हो, छातीत आवाज येत नाही!"

"छातीत आवाज येत असला तर लोक येतात," बाई म्हणाल्या. "येत नाही म्हणून कुणी येत नाही."

शेवटी बँडवाले आजोबा पुढे झाले. उभा जन्म वरातीत घोड्यालाही ऐकू जाईल असं ओरडत काढलेला माणूस तो. "यांचं हृदय बंद पडतंय!" त्यांनी आरोळी ठोकली, आणि त्या आरोळीने वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. त्यांनी मास्तरांच्या छातीला नळी लावली. एकदा ऐकलं, जागा बदलून पुन्हा ऐकलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

क्ष-किरणांच्या पडद्यावर झडप दिसली. एक पातं उघडझाप करत होतं. दुसरं अडकलं होतं. त्याच्यावर रक्ताची गाठ धरली होती.

बायको आली, मुलगी आली, ताई आल्या. डॉक्टरीणबाईंनी तिघींना बसवून सांगितलं, "शिरेतून गाठ विरघळवायचं औषध हळूहळू सोडू. विरघळली तर उत्तम. पण तुकडा सुटून डोक्यात जाऊ शकतो, किंवा डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. नाही विरघळली तर पुन्हा छाती उघडावी लागेल, आणि ते आता सोपं नाही. मला एकच सांगा. गोळी चालू होती ना? मग एवढं रक्त गोठलं कसं? खाण्यात काही बदल?"

बायको आणि मुलगी एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि ताई उठून उभ्या राहिल्या. मान ताठ. किती दिवस त्या या क्षणाची वाट बघत होत्या.

"मी केलं," ताई म्हणाल्या. "मी घट्ट केलं त्याचं रक्त. रोज पानांचा रस दिला, एक दिवस चुकवला नाही. आणि बघा, खडखडही थांबवली की नाही? तुम्हाला जमलं नाही ते मी करून दाखवलं."

डॉक्टरीणबाई तोंडाळ होत्या, पण त्या क्षणी त्यांना ताईंवर ओरडता आलं नाही. त्यांनी ताईंना खाली बसवलं आणि अगदी हळू आवाजात, मुलाला सांगावं तसं, रस काय करतो, गोळी काय करते आणि टिकटिक म्हणजे काय होती ते सांगितलं. ताई ऐकत होत्या. समजलं ते त्यांच्या तोंडावर दिसलंच. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी त्याचा जीव घेत होते?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

"पण घेत होते," ताई म्हणाल्या.

औषध सुरू झालं. मास्तर खाटेवर पडून एकेक गोष्ट तपासून बघत होते. बोटं हलतात, जीभ हलते, बायकोचं नाव आठवतं, ताईंना काय म्हणतात ते आठवतं. पलीकडच्या खाटेवरच्याने शेवटी विनंती केली की तुम्ही मनातल्या मनात आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि तोंड किंचित वाकडं झालं. धावपळ झाली, डोक्याचे फोटो काढले. बारीकसा तुकडा जाऊन अडकला होता खरा, पण दुपारपर्यंत हात पुन्हा आपला झाला आणि तोंडही जागेवर आलं. संध्याकाळी नर्स चादर बदलत होती, ती थबकली आणि म्हणाली, "इथे कुणाचं घड्याळ आहे?" मुलगी खुर्चीतून उठली आणि रडायला लागली. पलीकडच्या खाटेवरच्याने जाहीर केलं की आता आपल्याला झोप येणार नाही. पडद्यावर दोन्ही पाती उघडझाप करताना दिसली.

मास्तर घरी आले. आणि घरात हिरवं काहीच उरलं नव्हतं.

ताईंनी पाला घरात आणायची बंदी केली होती. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. स्वयंपाकघरातला हिरवा पडदा काढला. मुलीचा हिरवा साबण फेकून दिला. मास्तरांचा हिरवा सदरा शेजारच्या रखवालदाराला दिला, आणि त्याला सांगितलं की तुझं रक्त आधीच घट्ट नाही ना, बघून घाल. स्वतः मात्र त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. चुलीजवळच्या त्यांच्या स्टुलावर आता मास्तरांची बायको बसायची. मास्तर जेवायला बसले की ताई उठून गॅलरीत जायच्या. मास्तर भात खायचे, दूध प्यायचे, उकडलेले बटाटे खायचे. ताट पाहून वाटावं, घरात कुणी चुना वाढतंय. वसतिगृह जेवायला घालणारी बाई गॅलरीत कठडा धरून उभी राहायची, आणि घरात कुणालाच घास गिळवेना.

ठरल्या दिवशी मास्तर रक्त तपासायला गेले. या वेळी कुणी आडवं आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी निकाल पाहिला आणि भुवया वर केल्या. मास्तरांच्या दंडावर भिंतीचा कोपरा घासल्याचा मोठा काळानिळा डाग होता.

"आता उलटं झालंय. नको इतकं पातळ. काय खाता?"

"पांढरं," मास्तर म्हणाले.

"हिरवं बंद करायला मी कधी सांगितलं?" बाई कडाडल्या. "एकदम वाढवायचं नाही, एकदम तोडायचंही नाही. रोज एका मापाने खायचं. तुम्ही जे रोज खाल त्यावर मी गोळी बसवते. आधी तुमचं ताट, मग माझी गोळी. घरात वाढतं कोण?"

मास्तरांनी बाही खाली ओढून डाग झाकला आणि ते उठले.

घरी आल्यावर ते थेट गॅलरीत गेले. ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"ताई, रोज एक वाटी पालेभाजी खायला सांगितलीय. तुझ्या हातची."

"बायकोला सांग."

"तिचा हात कधी सैल, कधी आखडता. तुझं माप आयुष्यात चुकलेलं नाही."

"चुकलं नाही?" ताई गर्रकन वळल्या. "माझ्या हाताने मी तुला मारत होते. कळत होतं का तुला? मी मारत होते आणि मला आनंद होत होता."

"हो," मास्तर म्हणाले. "आणि आता तू वाढत नाहीस, तर मी दुसऱ्या बाजूने मरतोय." त्यांनी दंडावरचा डाग दाखवला. "बाई म्हणतात, त्यांची गोळी तुझ्या वाटीवर ठरणार. तू हात आखडलास की गोळी चुकली. त्यांना तुझ्याशिवाय जमत नाही, ताई."

ताईंनी तो डाग पाहिला. बोट लावायला गेल्या आणि मागे घेतलं. मग आत गेल्या. मास्तरांच्या बायकोने स्टूल सोडलं. मुलगी धावत खाली जाऊन पालकाची जुडी घेऊन आली. ताईंनी ती निवडली, धुतली, चिरली, शिजवली, आणि एवढ्या वेळात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

ताटं मांडली. ताई वाटी आणि डाव घेऊन मास्तरांसमोर आल्या. लोकांनी हात आडवा घातला तरी बोटांवरून वाढून जाणारी ती बाई, आज तिचा डाव वाटीवर अधांतरी थांबला होता. थोडीच भाजी वाटीत पडली.

"जास्त झाली का रे?" ताईंनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता. मास्तरांनी वाटी उचलून नीट निरखली, डोळ्यांसमोर धरून पाहिली, आणि पुन्हा त्यांच्यापुढे केली.

"कमी आहे," ते म्हणाले. "अजून एक चमचा."

ताई तोंडाला पदर लावून मोठ्याने रडल्या, आणि रडत रडतच त्यांनी बरोबर एक चमचा वाढला.